तुराट्यांची काळी पूड

अंबादासभाऊंचा फोन आला तेव्हा नळाला पाणी आलेलं होतं. सोलापूरकरांना एवढ्यावरून सगळं कळेल, बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडे पाणी रोज येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं, आणि आलं की माणूस हातातलं सगळं टाकून बॅरल, घागरी, पातेली, अगदी दुधाची किटलीसुद्धा भरून घेतो. माझ्या एका हातात पाइप होता, दुसऱ्या हातात फोन. "शालनताई, अक्का गेली," एवढंच ते म्हणाले. मी "बरं" म्हटलं. खरंच, "बरं" असंच तोंडातून गेलं. फोन ठेवला, उरलेलं अर्धं बॅरल भरलं, वर झाकण लावलं, पाइप गुंडाळून खिळ्याला अडकवला आणि मग मोरीच्या कट्ट्यावर बसले. बाई गेली आणि तू पाणी भरत बसलीस, असं मी स्वतःला अजून म्हणते. पण त्या दिवशी मला रडू आलं नव्हतं. मला भीती वाटली होती. ती कशाची, ते सांगायलाच हे लिहितेय... आणि अंबादासभाऊंना विचारून लिहितेय, म्हणजे मागून कुणी काही बोलायला नको.

अक्का म्हणजे आमच्या विजयालक्ष्मी मॅडम. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या. मी त्यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस. काचसामान धुवायचं, द्रावणं भरून ठेवायची, कपाटांच्या किल्ल्या सांभाळायच्या, अशी माझी कामं. सतरा वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. मॅडम विणकराच्या घरातल्या. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि राग आला की दोन्ही. त्यांच्या वडिलांना सगळे नाना म्हणत. नानांचे चार यंत्रमाग होते, त्यांवर टॉवेल निघायचे. नाना गेल्यावर धाकट्या अंबादासभाऊंनी ते चालवले. मॅडमनी लग्न केलं नाही, भावाच्याच घरी माडीवरच्या खोलीत राहिल्या. मी मोहोळची, बारावी शिकलेली आणि जन्माची भित्री. पालीला भिते, विजेला भिते, साहेबाच्या बुटांच्या आवाजाला भिते. मॅडम कशालाच भीत नसत, म्हणून मी मॅडमना भ्यायचे. त्या ओरडल्या की माझी पाचावर धारण बसायची. पण ओरडून झालं की डबा उघडून अर्धा चिंचभात माझ्या ताटलीत घालायच्या, आणि मी न जेवता उठले तर पुन्हा ओरडायच्या.

पाण्यातल्या प्लॅस्टिकचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते गेल्या पावसाळ्यात. विभागातल्या सगळ्यांना त्यांनी घरचं पिण्याचं पाणी काचेच्या बाटलीत आणायला सांगितलं. मीही आमच्या बॅरलमधलं नेलं. त्यांनी ते बारीक गाळणकागदातून ओतलं, कागदावर एका रंगाचे थेंब टाकले आणि खिडक्या लावून घेतल्या. त्या रंगाचा गुण असा की तो प्लॅस्टिकला धरतो आणि निळ्या उजेडात चमकतो. माती चमकत नाही, सुताचा धागा चमकत नाही. "ये, बघ," म्हणाल्या. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. काळ्याकुट्ट अंधारात ठिपके, कपच्या, केसासारखे वाकडेतिकडे धागे, सगळे पेटल्यासारखे दिसत होते. मला वाटलं, हलतायत.

"हे काय हाय मॅडम?"

"प्लॅस्टिक. तुझ्या पाण्यातलं."

"उकळल्यावर जातं की?"

"नाही जात."

"गाळल्यावर?"

"तुझ्या फडक्यातून? फडकंच पॉलिस्टरचं असेल तर आणखी वाढेल."

त्या हसल्या, मला हसू आलं नाही. त्या दिवशी संध्याकाळी घरी मालकांनी माझ्यापुढे तांब्या धरला तर मी तो घेईना. आपण इतकी वर्षं हेच पीत आलो, हेच पाणी वरणात घातलं, आल्यागेल्याला हेच दिलं, हे मनातून हलेचना. आठ दिवस मी तहान मारत काढले. शेवटी मॅडमनीच हाताला धरून माठाकडे नेलं. "पाण्याला भिऊन जगता येतं का शालन? ते काढायचं कसं, ते बघू आपण." मॅडम 'आपण' म्हणाल्या. मला तेवढ्यावर धीर आला.

काढायचं कसं, तर तुराट्यांनी. तूर झोडपल्यावर ज्या काटक्या उरतात, त्या तुराट्या. आमच्याकडे त्या चुलीत जातात किंवा कुडाला लागतात. माहेराहून मी पोतंभर आणल्या. मॅडम त्या बारीक तोडून लोखंडाच्या क्षाराच्या पाण्यात भिजवायच्या, वाळवायच्या आणि झाकणाच्या भांड्यात घालून भट्टीत ठेवायच्या. वारा लागला की राख, नाही लागला की कोळसा. सगळा खेळ झाकणाचा. मग तो कोळसा कुटायचा, वस्त्रगाळ करायचा आणि निवळ पाणी येईपर्यंत धुवायचा. धुणारी मी, त्यामुळे दसऱ्याला माझी बोटं काळीच होती. त्या पुडीच्या अंगाला प्लॅस्टिक चिकटतं, आणि पुडीच्या पोटात लोखंड असल्यामुळे लोहचुंबक तिला ओढतं. पहिल्यांदा त्यांनी चंचुपात्रात पूड ढवळली तेव्हा पाणी गटारासारखं काळं झालं. मी म्हटलं, आता हे कोण पिणार. त्यांनी जुन्या स्पीकरमधलं चुंबक काचेला बाहेरून लावलं. काळं सगळं त्या बाजूला धावलं आणि मागं पाणी राहिलं, स्वच्छ. मॅडम म्हणाल्या, निवृत्त व्हायच्या आत आमच्या गल्लीत एका पिंपात हे बसवून दाखवते. गल्लीतल्या बायकांना त्यांनी तसा शब्दही देऊन टाकला. निवृत्तीला तेव्हा वर्षसुद्धा उरलं नव्हतं.

आणि तिथंच घोडं अडलं. पूड घातलेलं पाणी पुन्हा गाळून बघितलं की ठिपके गेलेले असायचे, कपच्या गेलेल्या असायच्या, धागे मात्र तसेच. दर वेळी. विणकरांच्या गावात पाण्यात धागेच जास्त असणार, आणि तेच निघत नाहीत म्हटल्यावर उपयोग काय? मॅडमनी शुद्ध केलेल्या पाण्यावर तोच प्रयोग केला, त्यातही धागे. मग बाहेरून काहीतरी पडतंय म्हणून शोधाशोध सुरू झाली. पहिला आळ माझ्या साड्यांवर. "उद्यापासून सुती नेसून ये." माझ्याकडे सुती साड्या दोन, त्याही धुऊन धुऊन विरलेल्या, त्याच आलटून पालटून नेसले. मग पंखा बंद. मग खिडक्या बंद, दाराला ओलं पोतं. मग शुद्ध पाण्याच्या यंत्राची प्लॅस्टिकची नळी काढून काचेची बसवली. धागे काही हटेनात. मला तर वाटायला लागलं, ते आमच्या अंगातूनच निघतायत.

आता टॉवेलचं सांगते. मॅडमच्या घरची एक पद्धत होती. मागावर नवा ताणा, म्हणजे उभं सूत, चढलं की त्यातला पहिला टॉवेल विकायचा नाही. तो देवापुढे ठेवायचा आणि मग चांगल्या कामाला द्यायचा. नानांनी तो मान मुलीच्या प्रयोगशाळेला दिला होता, अंबादासभाऊंनी तो पुढे चालवला. आमच्याकडची प्रत्येक काच त्या पांढऱ्या टॉवेलनं पुसली जायची. प्रयोगाच्या काचा खरं तर उपड्या घालून वाळवायच्या असतात, पण मॅडमना ओली काच खपत नसे. त्यांचा हिशेब सरळ होता : टॉवेल शुद्ध सुती, सुताचा धागा चमकत नाही, म्हणजे त्यातून पडला तरी बिघडत नाही. दिवाळीनंतर एकदा मी भीत भीत म्हटलं, "मॅडम, ह्यो टॉवेल लई लव सोडतोय." त्यांनी हातातली लेखणी खाली ठेवली. "आमच्या नानांच्या मागावर खोटं सूत चढत नाही, शालन." पुढचे चार दिवस माझ्याशी कामापुरतं बोलल्या. मी कानाला खडा लावला.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी मी घरी शेंगापोळ्या लाटत होते. कॉलेजातले टॉवेल धुवायला मी घरी आणायचे. एक गॅसच्या वरच्या दोरीवर वाळत होता. तो घसरला आणि कोपरा जाळावर आला. मी झटकन ओढला. सूत कसं जळतं हे काय मला सांगायला पाहिजे? दिव्याची वात आपण रोज बघतो. जळते, राख होते, बोटानं चोळली की उडून जाते. हे जळालं आणि आक्रसलं. काळा गोळा झाला, माझ्या बोटाला चिकटला आणि कातडी घेऊन निघाला. माझ्या पॉलिस्टरच्या साडीचा पदर एकदा असाच पेटला होता. मी त्या गोळ्याकडे बघत उभी राहिले, तव्यावरची पोळी करपली. पूड घालूनही उरणारे ते धागे पाण्यातले नव्हतेच. पूड काढलेलं पाणी ज्या काचेत ओतायचो, ती पुसून आम्हीच दर वेळी ते आत घालत होतो.

सांगायला हवं होतं. दुसऱ्याच दिवशी, तिळगूळ देताना सांगायला हवं होतं. बोटाला चिंधी बांधून मी गेलेही. मॅडमनी विचारलं, काय झालं गं? मी म्हटलं, तवा लागला. मनात म्हटलं, आज नको, सणाचा दिवस. मग म्हटलं, सोमवारी. मग म्हटलं, त्या खोटं म्हणतील. आणि खरं मानलं तर त्याहून वाईट : घरी जाऊन भावाची कॉलर धरतील, आणि सख्ख्या भावाबहिणीत काडी टाकणारी मी ठरेन. हे झालं वरवरचं. आतलं कारण एकच, मी त्यांच्या रागाला भ्याले. एकदा गुपचूप घरून जुन्या धोतराचं फडकं नेलं. त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि विचारलं, "टॉवेल कुठंय?" मी मुकाट टॉवेल दिला. त्यांनी माझ्यादेखत पात्र पुसलं, आतून, बोट फिरवून. मी बघत राहिले.

तीन महिने मी मूग गिळून बसले आणि त्या तीन महिन्यांत मॅडम बदलल्या. भट्टीची आच वाढवून बघितली, कमी करून बघितली. लोखंड दुप्पट केलं, निम्मं केलं. तुराट्या सोडून उसाचं चिपाड आणलं. धागे तेवढेच. आधी चिडायच्या, मग चिडेनाशा झाल्या, आणि मला त्याचीच जास्त धास्ती वाटायला लागली. पाण्याचा गिलास उचलून उजेडाकडे धरायच्या, बघत राहायच्या आणि न पिता ठेवून द्यायच्या. ओठ सुकलेले, उन्हाळा वर आलेला. मी म्हणायचे, घ्या की मॅडम थोडं. एकदा म्हणाल्या, "शालन, आमच्या गल्लीत घराघरात माग. ते सूत हवेत, ते पाण्यात, ते लेकराच्या दुधात. मी बायकांना म्हटलं होतं, काढून दाखवते. मला काढता येत नाही गं... माझी पूडच खोटी." ज्या बाईनं मला हाताला धरून माठाकडे नेलं होतं, ती बाई हे बोलत होती. माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. कुणीतरी विद्यार्थी दारात आला आणि मी ते गिळलं. खोटं कशाला बोलू, विद्यार्थी आला म्हणून मला बरं वाटलं.

पाडव्यानंतर दोन आठवड्यांनी त्यांना तास चालू असतानाच छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर होत्या, बोलत होत्या. मी भेटायला गेले तेव्हा अंबादासभाऊ औषधं आणायला खाली गेले होते. मॅडमचा हात पांघरुणावर होता, नखांत अजून काळी पूड. ती बघितली आणि मला राहवेना. टॉवेलचं सगळं सांगून टाकलं, गॅस, काळा गोळा, सगळं. त्या छताकडे बघत ऐकत राहिल्या. मी वाट बघत होते की आता ओरडतील. त्यांनी एवढंच विचारलं, "तुला कधी कळलं?"

"परवा," मी म्हटलं.

एवढं खोटं मी आयुष्यात दुसरं बोलले नसेन. त्यांनी माझ्याकडे मान वळवली. माझ्या बोटावरचा व्रण केव्हाचा भरून आला होता, तरी मी तो हात पदराखाली घेतला. त्यांना कळलं की नाही, देव जाणे. "न पुसता कर," त्या म्हणाल्या. "शेवटच्या पाण्यानं विसळून काच उपडी ठेव, आपोआप वाळू दे. बाकी सगळं तसंच." मग थोड्या वेळानं, "अंबादासला यातलं बोलू नको. त्याला लागेल." मग डोळे मिटले आणि म्हणाल्या, "घाबरून हात कापेल तुझा. सावकाश ओत."

दुसऱ्या दिवशी मी एकटीनं प्रयोग केला. तोवर कधी एकटीनं केला नव्हता. आमच्याच बॅरलचं पाणी, तीच पूड, तेच चुंबक. हात कापलाच. कागद काचेच्या बशीत ठेवला, रंगाचे थेंब टाकले, झाकण लावलं आणि झाकणावर 'न पुसता' असं लिहिलं. सूक्ष्मदर्शक समोरच होता. मी बघितलं नाही. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी गत झाली होती. धागे दिसले तर मॅडमची पूड खरोखरच खोटी, आणि ते मला त्यांना जाऊन सांगावं लागणार. धागे नसले तर पूड सुरुवातीपासून खरी, आणि एका बाईचे शेवटचे तीन महिने मी नासवले. मी बशी कपाटात ठेवली. म्हटलं, मॅडम घरी आल्या की त्यांनाच बघू दे. त्याच्या दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं आणि अंबादासभाऊंचा फोन आला, आणि बशी बघायला मी एकटीच उरले; त्या दिवशीची भीती ती.

डॉक्टर म्हणाले, रक्तवाहिनी जुनीच चोंदलेली होती, आज ना उद्या व्हायचंच होतं. सगळ्यांनी मान डोलावली, मीही डोलावली. पण त्यांनी न पिता ठेवलेले गिलास मी बघितलेत, डॉक्टरांनी नाही. रोज कॉलेजात जायचे, कपाट उघडायचे, बशी आहे तिथं आहे बघायचे आणि कुलूप लावायचे. पाच आठवडे.

गेल्या आठवड्यात सकाळी अकराच्या सुमारास अंबादासभाऊ मॅडमचं सामान न्यायला आले. पुस्तकं, चष्म्याचं घर, छत्री असं पेटीत भरत होते. कपाटातली बशी त्यांनी उचलली आणि झाकणावरचं वाचलं. "ताई, हे काय आहे?"

"मॅडमनी सांगितलेला शेवटचा प्रयोग. मी केलाय."

"मग काय निघालं?"

"बघितलं न्हाई."

"का?"

"भ्या वाटतंय."

ते स्टूल ओढून बसले. "बघा. मी आहे की हितं."

खिडक्या मीच लावल्या. निळा दिवा लावला. मॅडमनी शिकवल्याप्रमाणे एका कडेनं सुरुवात केली. डावीकडून उजवीकडे, मग एक ओळ खाली, मग उजवीकडून डावीकडे, शेत नांगरल्यासारखं. अंधार. पुढची ओळ, अंधार. दोन बारके ठिपके दिसले, बाकी काही नाही. धागा एकही नाही. पुन्हा पहिल्यापासून बघितलं. एका कागदावरून काही सिद्ध होत नसतं, दहा वेळा करावं लागतं, हे मला माहीत आहे, आणि मी ते करणार आहे. पण डोळा बाजूला घेतला तेव्हा माझे दात वाजत होते, एवढ्या उकाड्यात.

"काहीच न्हाई," मी म्हटलं.

"म्हणजे वाईट?"

"न्हाई भाऊ. पूड खरी होती. सगळं ओढून घेती."

त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. मग साधेपणानं विचारलं, "मग अक्का सारखी धागे धागे म्हणायची, ते कुठले?" बोलू नको म्हणून मॅडमनी बजावलं होतं. पण अंधारात बसलेल्या त्या माणसाशी मला आणखी एकदा खोटं बोलवेना. टॉवेलचं सांगितलं. ते ऐकत होते, स्वतःच्या हातांकडे बघत.

"अक्काला कळलं होतं?"

"दवाखान्यात सांगितलं."

"आणि तुमाला कधी कळलं?"

"संक्रांतीला," मी म्हटलं.

मला वाटलं, आता उठतील, काहीतरी बोलतील, निदान दार आपटून जातील. ते बसून राहिले. म्हणाले, "मी सूत बदललं त्याला तीन वर्षं झाली, ताई. निव्वळ सुती परवडंना. अक्काला सांगायची हिंमत झाली नाही. दर ताण्याला पहिला टॉवेल तिच्या हातात देताना छाती धडधडायची." मॅडम असत्या तर आम्हा दोघांना समोर उभं करून असं झापलं असतं की व्हरांड्यात ऐकू गेलं असतं. आता झापायला कुणी नव्हतं. ज्या रागाला भिऊन आम्ही दोघं गप्प बसलो, तो राग आता कधीच येणार नाही. हे ध्यानात आलं, आणि मी जन्माची भित्री बाई, पण एवढी भीती मला कशाचीच वाटली नव्हती.